फळी आपोआपच पडली होती

खोऱ्याचं पातं मनगटावर बसतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. उसाचं ओलं कांडं तोडावं तेवढाच होतो. मोठा आवाज त्यानंतर माणसाच्या तोंडून निघतो. मी दोन्ही ऐकले. मनगट माझ्या धाकट्या मेहुण्याचं होतं, खोरं थोरल्या मेहुण्याच्या हातात होतं आणि ते खाली यायच्या आधीचं शेवटचं वाक्य माझं होतं.

गडमुडशिंगीत ही हकिकत अशी सांगतात की धाकट्यानं भावाचं पाणी चोरलं, शहरातल्या जावयानं यंत्र बसवलं होतं म्हणून चोरी उघडी पडली आणि थोरल्यानं चोराचा हात मोडला. यातलं हात मोडला एवढंच खरं आहे. बाकीचं मी आता लिहून ठेवतो.

मी कोल्हापुरात एका कचेरीत कारकून होतो. पण माझं सगळं लक्ष विजेत होतं. हे वेड कॉलेजात असताना एका बिघडलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओनं लावलं. बटण बंद आहे म्हणून मी आत बोट घातलं आणि आत साठून राहिलेल्या विजेनं मला उचलून भिंतीवर आपटलं. दातांखाली जीभ सापडून फाटली. माझी आई किंचाळत होती आणि मी रक्त थुंकत हसत होतो. बंद पेटीत एवढा जोर दडून बसतो हे मला त्या दिवशी कळलं. नंतर मी आयुष्यभर त्याच जोराच्या मागे लागलो.

लग्नानंतर मंगळवार पेठेत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं आणि त्या दोन खोल्या मी तारांनी भरून टाकल्या. भंगारवाल्यांकडून टेलिफोनच्या जुन्या यंत्रांतले रिले, लष्कराच्या रेडिओंचे सांगाडे, मोडक्या पंख्यांच्या कॉइल आणत असे. टाकी भरली की घंटा वाजे. न्हाणीघराचं दार उघडलं की आत दिवा लागे. पुढच्या दाराची कडी तर मी पलंगावर पडल्यापडल्या बटण दाबून काढत असे. आत चुंबक बसवला होता, तो कडी खटकन मागे ओढे. ते बघायला कचेरीतले लोक चपला काढून ओळीनं उभे राहत. शेजारचा एक तालमीतला माणूस बघून म्हणाला, "पावणं, आता वयनीस्नीबी एक बटण बसवा की!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मला बसवून झालंय. हाक मारली की चहा येतो."

सगळे हसले. मीही हसलो.

त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक मांजर येऊन दूध सांडत असे. मी खिडकीच्या जाळीला तार जोडली. मांजराला नुसता हिसका बसावा असा माझा हिशेब होता. सकाळी ते जाळीला चिकटलेलं सापडलं. चारही पंजे ताठ, ओठ मागे गेलेले, मिशा जळलेल्या. बायकोनं लाकडी उलथन्यानं ते सोडवलं आणि परसात पुरलं.

"तुमच्या तारेनं मेलं," ती म्हणाली.

"आजारी होतं ते," मी म्हणालो. "तारेत एवढा जोर नव्हता."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली. मांजर आजारी नव्हतं. पण माझी तार चुकली असं म्हणायला माझी जीभ रेटेना. माझा हा स्वभाव मला तेव्हाच ठाऊक व्हायला हवा होता.

माझी सासुरवाडी गडमुडशिंगी. सासरे लवकर गेले. मागे सासूबाई, दोन मुलगे, माझी बायको आणि एक विहीर. जमीन वाटून झाली होती, विहीर वाटता येत नव्हती. एकच मोटर होती. ती पाणी वर सिमेंटच्या हौदात टाके आणि हौदातून दोन पाट फुटत. एक थोरल्याच्या उसात जाई, एक धाकट्याच्या. हौदाच्या तोंडाशी एक लोखंडी फळी होती. ती डावीकडे केली की पाणी थोरल्याचं, उजवीकडे केली की धाकट्याचं. ठरावीक तास याची पाळी, तेवढेच तास त्याची.

पण लाइटचा भरवसा नव्हता. पाळी चालू असताना लाइट गेली तर ते तास कोणाच्या नावावर धरायचे यावर दोघे हमरीतुमरीवर येत. थोरला जुना पैलवान, कान मोडलेला, मान खांद्यात बसलेली. बोलायच्या आधी त्याचा हात उठे. धाकटा अंगानं बारीक पण वर्मी बोलणारा. "कुस्ती मारल्यागत पाणी मारायला बघतोस व्हय?" असं काहीतरी तो बोले आणि थोरला त्याला चिखलात लोळवी. एकदा थोरल्यानं त्याला मानेला धरून हौदाच्या काठावर आपटला, धाकट्यानं त्याच्या दंडाचा लचका तोडला. सासूबाई मध्ये पडल्या तेव्हा कोणाचं तरी कोपर त्यांच्या तोंडावर बसलं. त्या पदरात दोन दात घेऊन घरात आल्या आणि माझ्यासमोर पदर उघडून म्हणाल्या, "जावईबापू, तुमी एवढं शिकल्यालं. ह्येला कायतरी औषध काढा. न्हायतर ह्यातलं एक मरंल आणि एक फाशी जाईल."

मी औषध काढलं. कचेरीतून आलो की रोज त्यावरच बसत असे. विजेवर चालणारी घड्याळाची मोटर घेतली, म्हणजे लाइट गेली की घड्याळही थांबेल आणि गेलेले तास कोणाच्याच नावावर पडणार नाहीत. घड्याळानं पाळी बदलायची आणि फळी चुंबकानं हलवायची. थोरल्याच्या पाळीत चुंबक फळीला डावीकडे ओढून धरणार. त्याची पाळी संपली की चुंबकाची लाइट तुटणार आणि फळीला टांगलेल्या दगडाच्या वजनानं ती आपसूक उजवीकडे, धाकट्याच्या बाजूला पडणार. घड्याळ आणि चुंबकाची कॉइल लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे.

"ह्यात कोणाचा हात नाही," मी दोघांना सांगितलं. "यंत्राला भाऊ नसतो."

सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. थोरल्यानं नारळ फोडला. पहिल्यांदा फळी खटकन आपोआप फिरली तेव्हा भोवतीच्या शेतांतली माणसं ओरडली. कोणीतरी माझ्या डोक्यावर फेटा बांधला. नंतर पेठ वडगावहून, हातकणंगल्याहून लोक ते बघायला येऊ लागले. थोरला त्यांना हौदावर नेई आणि म्हणे, "आमच्या दाजींनी केलंय. दाजी म्हंजे डोस्कं हाय नुसतं." जावयाचा मान होताच, त्यात हा मान मिळाला. त्या घरात माझ्या शब्दाला कोणी उलटून बोलत नसे.

धाकट्यानंही मला चांगलं वागवलं. त्याच्याकडे म्हशी होत्या. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची पद्धत आहे. तो रोज पहाटे म्हशी घेऊन शहरात येई. धार काढताना त्याचे दोन्ही हात असे चालत की पितळी चरवीत एकसलग घुमता आवाज येई आणि लोक दूध नसलं घ्यायचं तरी थांबून बघत. परत जाताना तो आमच्या दारात येऊन गरम फेसाचा पेला बहिणीच्या हातात देई. "आक्का, ह्यो आदी तू पी. दाजींचं राहू दे, ते लाइट पितात."

एक हंगाम सगळं शांत गेलं. मग थोरला एके दिवशी कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"दाजी, तुमच्या यंत्रात कोणतरी हात घालतंय. माझी पाळी चालू असती, मोटर चालू असती, आणि सांज झाली की माझा पाट सुकतोय. सकाळी बघावं तर फळी जागच्या जागी."

"रात्री कोणी परत लावत असेल."

"कोण लावंल? त्येचा ऊस बघा आणि माझा बघा."

मी बघितला होता. धाकट्याचा ऊस गर्द होता, थोरल्याचा पिवळा पडत होता.

"रविवारी येतो," मी म्हणालो.

रविवारी गेलो. दुपार पेटी तपासण्यात गेली. घड्याळ बरोबर, रिले बरोबर, कॉइल थंड. फळी चुंबकानं घट्ट धरलेली. मी ती हातानं ओढून पाहिली, जोरानं हिसडल्याशिवाय सुटेना. थोरल्याला म्हणालो, "यंत्र ठणठणीत आहे." चहा घेऊन आम्ही वस्तीवर बसलो. ऊन उतरलं. गावात दिवे लागू लागले.

थोरला एकदम उठला. त्याला पाटाचा आवाज बदललेला कळला. मोटर चालू होती, आणि उसात पडणारं पाणी थांबलं होतं. बांधावर पडलेलं खोरं उचलून तो हौदाकडे पळाला. मी मागे.

धाकटा हौदावर होता. रोज त्या वेळी तो तिथंच म्हशींना पाणी दाखवी. फळी त्याच्या बाजूला पडलेली आणि त्याचा उजवा हात फळीवर.

 थोरल्यानं खोऱ्याचा सपाट भाग त्याच्या पाठीत घातला. धाकटा तोंडावर हौदात गेला. थोरला मागोमाग आत उतरला, त्याची मान धरली आणि पाण्याखाली दाबली. धाकट्याचे पाय काठावर आपटत होते, चप्पल उडून माझ्या छातीवर लागली. म्हशी दावं तोडून उधळल्या. मी थोरल्याचा दंड धरला तर त्यानं कोपरानं मला असा ढकलला की मी चिखलात बसलो. शेजारच्या रानातून दोघे-तिघे धावत आले, त्यांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. धाकट्याच्या नाकातून पाणी आणि रक्त एकदम वाहत होतं.

"पाणी चोरतोस व्हय रं भावाचं?" आलेल्यांतल्या एकानं त्याच्या कमरेत लाथ घातली.

"म्या न्हाय पाडली!" धाकटा खोकत ओरडला. "म्हशी घेऊन आलो तर पडल्याली हुती. म्या त्येच्या बाजूला लावत हुतो."

"तुझा हात फळीवर हाय आणि म्हणतोस लावत हुतो?" थोरला.

"आईची आण. दाजी हायत की! दाजीस्नी इचार. ते म्हणतील ते खरं."

थोरला थांबला. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण तो थांबला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आयुष्यभर बोलायच्या आधी हात उचललेला तो माणूस त्या वेळी माझ्यासाठी थांबला होता.

"बघा दाजी," तो म्हणाला. "तुमीच सांगा."

दोघा गड्यांनी धाकट्याला हौदाच्या काठाशी दाबून धरलं होतं. मी पेटीशी गेलो, कुलूप काढलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती आणि अंधारून आलं होतं. दुपारी थंड आणि गप्प असलेली कॉइल आता डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखी घुमत होती. हात लावला तर चटका बसला. मीटरच्या तारा टेकवल्या. काटा जिथं असायला हवा त्याच्या किती तरी खाली लटपटत होता. मी डावा हात खाली घालून फळी थोरल्याच्या बाजूला केली. चुंबकानं ती धरली. थरथरली. आणि माझ्या डोळ्यांसमोर, कोणाचाही हात नसताना, हळूच उजवीकडे पडली.

मला सगळं कळलं. कॉइलला मी ज्या फेजवरून लाइट घेतली होती त्याच फेजवर गावातले घराघरांतले दिवे होते, आणि वर्षभरात ते दुपटीनं वाढले होते. सांजेला सगळे दिवे एकदम लागत, व्होल्टेज बसे, चुंबकाचा जोर जाई आणि फळी दगडाच्या वजनानं धाकट्याकडे पडे. रात्री गाव निजलं, दिवे मालवले की जोर परत येई आणि चुंबक फळी जागेवर ओढून घेई. लाइट पूर्ण जाईल तेव्हा काय, याचा विचार मी केला होता. ती अर्धवट राहील तेव्हा काय, याचा केला नव्हता. चूक इतकी साधी होती की कोणत्याही शिकाऊ वायरमनला ती सांगितली असती तर तो हसला असता.

मी वळलो. सगळे माझ्याकडे बघत होते. फेटा बांधणारे, वडगावच्या लोकांना घेऊन येणारे, दाजी म्हणजे नुसतं डोकं म्हणणारे. धाकट्याच्या डोळ्यांत तर भीती नव्हतीच. त्याला खात्री होती.

मी म्हणालो, "यंत्र बरोबर आहे. हात लावल्याशिवाय फळी पडत नाही."

धाकट्यानं तोंड उघडलं. थोरल्यानं त्याचा उजवा हात हौदाच्या काठावर ओढला, गुडघ्याखाली दाबला आणि खोरं उभं करून खाली आणलं.

पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे. एका घावात झालं नाही हे तेवढं लिहायचं राहिलं. थोरल्यानं खोरं परत उचललं तेव्हा सासूबाई येऊन धाकट्याच्या हातावर आडव्या पडल्या म्हणून दुसरा घाव काठाच्या सिमेंटवर बसला. रक्त पाटात उतरलं. फळी अजून उजवीकडेच होती, ते धाकट्याच्याच उसात गेलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. मी त्याचा हात लुगड्याच्या चिंधीत दाबून धरला होता. वाटेत तो एकदाच बोलला. "दाजी, तुमी नीट बघितलं न्हवं?" मी म्हणालो, "पडून राहा." पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, "चिखलात घसरलो आणि खोऱ्यावर पडलो." भावाचं नाव घेतलं नाही. गावानं याचाही अर्थ असाच लावला की चोर आहे म्हणून गप्प आहे.

हात तोडावा लागला नाही. पण मनगटातल्या शिरा गेल्या. बोटं अर्धी वळत आणि तिथंच अडकत, पक्ष्याच्या पंजासारखी. मूठ पुन्हा कधी आवळली गेली नाही.

आणि मग मी जे केलं ते त्या वाक्याहूनही वाईट होतं. त्याच आठवड्यात मी जाड तारेची नवी कॉइल गुंडाळली, रजा काढून गडमुडशिंगीला गेलो, जुनी काढली, नवी बसवली आणि लाइट दुसऱ्या फेजवरून घेतली. थोरल्यानं विचारलं, "काय करताय?" मी म्हणालो, "धूळ पुसतोय." जुनी कॉइल पिशवीत घालून घरी आणली.

त्या दिवसापासून फळी एकदाही चुकीच्या वेळी पडली नाही. थोरल्याचा पाट सांजेलाही वाहू लागला. त्याचा ऊस हिरवा झाला. गावात ज्या दोनचार जणांना अजून शंका होती त्यांचीही फिटली. "बघा," लोक म्हणत, "हात मोडला आणि चोरी थांबली." माझी दुरुस्ती धाकट्याच्या विरुद्धचा सगळ्यात पक्का पुरावा ठरली. मी तो स्वतःच्या हातानं, पाना आणि टेस्टर घेऊन बसवला होता.

बायकोनं मला एकदाच सरळ विचारलं. "यंत्र चुकू शकत नाही?"

"नाही."

"मांजराच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

मी बसायचा लाकडी पाट भिरकावला. तिला मारायला नव्हे, पण तो तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. चौदा कप्पे असलेली माझी सुट्या भागांची मांडणीही त्याबरोबर खाली आली. स्क्रू, रिले, काचेचे डायोड घरभर पसरले. ती वाकून एकेक उचलू लागली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. त्या भाऊबिजेला तिनं थोरल्यालाच ओवाळलं. धाकट्याकडे गेली नाही. पाणीचोराच्या घरी सणाला कशी जाणार?

धाकटा मात्र एकदा आला. कट्ट्यावर आता दुसरी माणसं म्हशी उभ्या करत. एका हातानं धार निघेना, अर्धं दूध आटून म्हशी बिघडू लागल्या, त्यानं एकेक करून विकून टाकल्या. आमच्या पायरीवर बसून तो बोटं चोळत होता. बायको आत होती, ती बाहेर आली नाही.

"दाजी, एक इचारू?"

"विचार."

"त्या सांजेला तुमी पेटीत वाकला हुता. तवा म्या तुमच्या पायातनं बघत हुतो. फळी पडली का न्हाय?"

"नाही."

 तो हसला. "मग भास झाला असंल मला. नाकातोंडात पाणी गेलतं." उठताना म्हणाला, "कवा कवा वाटतंय म्याच पाडली असंल की. एवढी माणसं म्हणतात म्हंजे."

त्याच्या पोरांना शाळेत पाणीचोर म्हणून हाक मारत. त्यांतल्या मोठ्यानं त्यावरून एकाचं डोकं दगडानं फोडलं आणि त्याला शाळेतून काढून टाकलं. एके वर्षी जत्रेत थोरल्याच्या आणि धाकट्याच्या पोरांत लोखंडी कड्यांनी मारामारी झाली. प्रत्येक वेळी बातमी आमच्या घरी येई आणि बायको म्हणे, "रक्तच वाईट त्याचं." मी सोल्डरिंग आयर्न तापवत बसे. तोवर मी रंगीत टीव्हीचं अँटेना फिरवणारं यंत्र करत होतो. नंतर शहरात संगणक आले, त्यांचेही वर्ग मी केले. कामं यशस्वी झाली. लोकांनी शाबासकी दिली. दर वेळी शाबासकी मिळाली की मला त्या कॉइलचं घुमणं ऐकू येई.

सासूबाई गेल्या. थोरला गेला, भावाशी न बोलता. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की त्यानं एका चोराला शिक्षा केली. गेल्या महिन्यात बायको गेली. आजारात तिला एकदा धाकट्याची आठवण झाली. "लहानपणी मी त्याला पाठुंगळी घेऊन ओढ्यातून न्यायची," म्हणाली. "त्यानं असं करायला नको होतं." मी तिचे पाय चेपत होतो. तेव्हाही बोललो नाही. तिला ते ऐकायला मिळालं असतं तर भाऊ परत मिळाला असता. ते मी होऊ दिलं नाही.

तेरावं झाल्यावर मी जुनी कॉइल ट्रंकेतून काढली आणि गडमुडशिंगीला गेलो.

धाकटा गोठ्यात बसला होता. त्याच्या मुलानं पुन्हा म्हैस घेतली आहे. मी थोरल्याच्या मुलालाही बोलावून घेतलं. आत्याचा नवरा म्हणून तो मला मामा म्हणतो. तो हल्ली घरात बसून मोबाइलवरून मोटर चालू करतो. मी कॉइल दोघांच्या मध्ये ठेवली आणि वर जे लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. फेज, दिवे, व्होल्टेज, पायांतून दिसलेली फळी. धूळ पुसतोय म्हणालो ते.

थोरल्याचा मुलगा आधी उठला. "म्हंजे माझ्या बानं फुकटच भावाचा हात मोडला?" त्याचा आवाज चढला. "आणि हे तुमी त्यो मेल्यावर सांगताय? बा आता कोणाची माफी मागंल? का म्या मागू त्येच्या वतीनं?" त्यानं कॉइल उचलून गोठ्याच्या दगडावर आपटली, पायानं तुडवली, पुन्हा आपटली. तांब्याची तार सुटून शेणात लोळली. मग तो धाकट्याच्या पायांवर डोकं ठेवून हमसू लागला. धाकट्यानं डाव्या हातानं त्याला बाजूला सारलं.

तो माझ्याकडे बघत होता.

"फळी पडली हुती," तो म्हणाला.

"हो."

"आपोआप."

"हो. आपोआप पडली होती."

"म्या बघितलं हुतं ते खरं."

"हो."

त्यानं बराच वेळ मान हलवली. मग कोपऱ्यातली चरवी माझ्या पुढ्यात आदळली. "उजवा हात पाठीमागं घ्या."

"काय?"

"हात मागं घ्या आणि काढा धार."

मी बसलो. गुडघे वाकत नव्हते, म्हणून शेणातच बसलो. उजवा हात कमरेमागे धरला आणि डाव्या हातानं म्हशीचं थान ओढलं. एक थेंब आला नाही. पुन्हा ओढलं. म्हैस चुळबुळली.

"जोरात," तो माझ्या मागून म्हणाला. "म्याबी असंच वडत हुतो. रोज सकाळी."

मी जोर केला. म्हशीनं पाय झाडला. चरवी उडून गेली आणि खूर माझ्या बरगड्यांत बसला. मी आडवा झालो, तोंडात शेण गेलं, श्वास अडकला. थोरल्याचा मुलगा उचलायला पुढे आला तर धाकटा ओरडला, "ऱ्हाऊ दे! पडू दे जरा!"

मी तसाच पडलो होतो. त्यानं म्हशीच्या पाठीवर पंजा ठेवला, ती शांत झाली. मग माझ्याकडे वाकला. उठवायला नव्हे.

"आता सगळ्यास्नी सांगा," तो म्हणाला. "माझ्या पोरांस्नी सांगा, नातवांस्नी सांगा. गावातली म्हातारी मेल्यात, त्यांच्या पोरांस्नी सांगा. मराय आधी सांगा. मला दुसरं काय नको तुमच्याकडनं."

त्याच्या मुलांना मी तिथंच, कुशीवर पडल्यापडल्या सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या रांगेपुढे उभं राहून सांगितलं. बहुतेक तरुण होते. एकानं विचारलं, "कुठली फळी?" मला पहिल्यापासून सांगावं लागलं. जे तिथं नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

बरगडी मोडली आहे असं डॉक्टर म्हणतात. या वयात ती नीट जुळायची नाही. लिहायला वाकलो की दुखते.